जातो म्हणू नये

जयसिंगपुरात कुणी कुणाच्या घरातून ‘जातो’ म्हणून उठत नाही. जयसिंगपुरातच कशाला, अख्ख्या महाराष्ट्रात उठत नाही. जाणारा माणूस ‘येतो’ म्हणतो आणि चपला शोधायला लागतो. लहानपणी एकदा चुकून तोंडातून ‘जातो’ निघतं, घरातलं कुणीतरी टपली मारून सांगतं, ‘जातो म्हणू नये, येतो म्हणावं,’ आणि तेवढ्यावर शिक्षण संपतं. इतकी साधी गोष्ट. बंगळूरच्या शहाण्यांनी मेंदूत घालायचं यंत्र केलं, विसरलेल्या माणसाला आपली माणसं पुन्हा ओळखायला लावली, आणि ही एवढीशी गोष्ट तेवढी त्यांना कुणी सांगितली नाही. त्यांचं काही बिघडलं नाही. बिघडलं ते त्रिशला मगदूमचं.

त्रिशलाचे वडील बाळगोंडा मगदूम, गावाचे अण्णा, चौतीस वर्षं गावच्या वाचनालयात ग्रंथपाल होते. सकाळी साडेआठच्या ठोक्याला वाचनालय उघडायचे. सभासदांना ते नावानं नाही, नंबरानं ओळखायचे. चारशे बारा रस्त्यात भेटले की विचारायचे, दुसरा भाग कुठाय? माणूस मुलाच्या लग्नाची पत्रिका द्यायला आलेला असायचा, पण अण्णांचं आपलं दुसऱ्या भागावर. सभासद दारात दिसला की अर्धवट उठून ‘या’ म्हणायचे, मग तो साखर कारखान्याचा चेअरमन असो की चौथीतलं पोर. आठ वर्षांच्या त्रिशलाला त्यांनी रीतसर अर्ज भरायला लावून बालविभागात सभासद करून घेतलं होतं, नंबर एक्क्याण्णव. स्वतःच्या लेकीलासुद्धा नोंद केल्याशिवाय पुस्तक घरी न्यायला दिलं नाही. घरात लाडात आले की तिला ‘एक्क्याण्णव’ म्हणून हाक मारायचे. तिच्यासाठी मात्र ‘या’ नसायचं. तिला ‘ये’.

शहात्तराव्या वर्षी अण्णा विसरायला लागले. आधी वार गेले, मग कुलपं गेली, मग शेजारीपाजारी गेले. त्रिशला सांगलीला शाळेत शिकवायची. सकाळची शाळा सुटली की चालकाविना धावणाऱ्या नव्या बसनं रोज दुपारी जयसिंगपूर गाठायची. एका दुपारी ती दारात उभी राहिली, तर अण्णा खुर्चीतून अर्धवट उठले आणि अदबीनं म्हणाले, ‘या. कोण पाहिजे?’

तिला वाटलं, चेष्टा करतायत. ती हसली. अण्णा हसले नाहीत. मग ती न्हाणीघरात गेली, नळ मोठा सोडला आणि बादली भरून वाहायला लागेपर्यंत तिथंच बसून रडली.

मिरजेच्या डॉक्टर नसीम नायकवडींनी तिला ‘खूण’ या यंत्राबद्दल सांगितलं ते त्यानंतर महिन्याभरानं. बाई समजावून सांगण्यात पटाईत. त्यांनी सुरुवातच भलतीकडून केली.

‘वेबसाइट मुळात विसराळू असते,’ त्या म्हणाल्या. ‘तुम्ही एक पान उघडता, मग दुसरं उघडता. त्या दुसऱ्या पानाच्या वेळी तिला पहिल्याची आठवण नसते. दर वेळी तुम्ही तिला परक्याच. म्हणून तुम्ही एकदा नाव आणि पासवर्ड देऊन लॉग-इन झालात की ती तुमच्या ब्राउझरच्या खिशात एक चिठ्ठी सरकवते. तिला म्हणतात कुकी. चिठ्ठीवर बहुतेकदा नुसता एक नंबर असतो, बाकी काही नाही. पुढच्या प्रत्येक पानाला ब्राउझर मुकाट्यानं ती चिठ्ठी दाखवतो. वेबसाइट आपल्या वहीत नंबर शोधते आणि म्हणते, हां, या त्या. लॉग-आउट केलंत की नंबर रद्द, चिठ्ठी फाटली. पुन्हा परक्या.’

त्रिशला म्हणाली, म्हणजे वाचनालयाचं कार्ड. डॉक्टर म्हणाल्या, अगदी बरोबर, फक्त ग्रंथपालाला काहीच आठवत नाही असं वाचनालय.

अण्णांच्या डोक्यातली पुस्तकं जागेवर होती, असं डॉक्टरांचं म्हणणं. लेक होती, तिचं बाळपण होतं, सगळं होतं. चेहरा दिसल्यावर त्या कप्प्यापर्यंत नेणारी वाट तेवढी मोडली होती. ‘खूण’ ती वाट बाहेरून जोडायची. कानामागं कातडीखाली रुपयाएवढी एक चकती बसवायची आणि तिच्यापासून केसापेक्षा बारीक तारा मेंदूत सोडायच्या. ज्याला ओळखायचं त्या माणसाच्या मनगटावर एक पट्टा, पट्ट्यात एक नंबर. नोंदणीच्या दिवशी रोगी शुद्धीत असताना त्या माणसाला त्याच्यासमोर बसवायचं. क्षणभर का होईना खरी ओळख पटली की मेंदूतल्या कुठकुठल्या पेशी जाग्या झाल्या ते यंत्र टिपून घेतं. पुढं तो नंबर जवळ आला की यंत्र त्याच पेशींना हलवून उठवतं. म्हाताऱ्याला वाटतं, आपल्याला आठवलं. वाटेना का! आठवण्याच्या बाबतीत वाटणं आणि असणं यात फरक तो काय?

नोंदणीला कंपनीची एक बाई बंगळूरहून आली होती. मराठी बेताचं, पण मन लावून बोलणारी. अण्णांना सकाळची हुशारी होती. त्रिशलानं त्यांच्यासमोर बालविभागाचं जुनं पिवळं कार्ड धरलं, त्यांनी ते बघितलं, मग तिच्याकडं बघितलं, आणि यंत्रानं टिपायचं ते टिपून घेतलं.

मग फॉर्म आला. त्यात एक चौकोन होता आणि चौकोनापुढं लिहिलं होतं, ‘लक्षात ठेवावे.’ कंपनीची बाई म्हणाली, साधं खातं बारा तासांनी आपोआप बंद होतं, या चौकोनात खूण केली तर सभासदानं, म्हणजे तुम्ही, स्वतः बंद करेपर्यंत चालू राहतं. आता तुम्हीच सांगा, बापाच्या डोक्यात ‘लक्षात ठेवावे’ असा चौकोन रिकामा दिसल्यावर कुठली लेक तो रिकामा सोडील? त्रिशलानं तिथं बोट टेकवलं आणि पुढं गेली.

शेवटी दोन वाक्यं आवाजात नोंदवायची होती. येताना ‘मी आले’ आणि निघताना ‘मी जाते’. नुसतं लांब गेल्यावर खातं बंद करून चालत नव्हतं, कारण मग माणूस स्वयंपाकघरातून पाणी घेऊन आला तरी रोग्याला तो गावाहून आल्यासारखा वाटायचा. म्हणून निरोपाचं वाक्य ठेवलेलं. त्रिशला ‘मी आलो’ म्हणाली. आमच्या भागात बायका ‘आलो’, ‘येतो’, ‘करतो’ असंच बोलतात. पुण्याची मंडळी हसतात, हसू देत. यंत्रानंही ते चालवून घेतलं. दुसऱ्या वाक्याला मात्र ती अडली.

‘असं म्हणायचं नसतं हो. आम्ही येतो म्हणतो.’

‘निघताना येतो?’

‘निघतानाच.’

बाईनं ‘येतो’ टाकलं. यंत्रानं ते घेतलं, पण येण्याच्या बाजूला घेतलं, कारण त्याला शिकवलेल्या मराठीत येणं म्हणजे येणं. निरोपाच्या जागी कंपनीचं आधीचंच ‘मी जाते’ राहिलं, ‘जातो’ म्हटलं तरी चालणारं. पडद्यावर हिरवी टिकली उमटली आणि बाई ‘ओके, मॅडम’ म्हणून पुढच्या नोंदणीला लागली. अशी चूक करायला मुद्दाम बसलं तरी जमायची नाही.

पुढचे तीन महिने काय विचारता! त्रिशला दारात आली की अण्णांचे डोळे लकाकायचे. ‘एक्क्याण्णव, आलीस व्हय?’ मग गप्पा. वाचनालयाच्या छपरात मधमाश्या लागल्या होत्या ती हकिकत त्यांनी तिला कितीदा सांगितली असेल. ती प्रत्येक वेळी नव्यानं हसायची. चार वाजता उठायची. ‘येतो अण्णा.’ ‘ये.’ त्या एका अक्षरावर ती सांगलीपर्यंत बसमध्ये खिडकीबाहेर बघत सुखानं जायची.

तिचा धाकटा भाऊ सन्मती पुण्याहून दोन महिन्यांतून एकदा यायचा. त्यानं फॉर्म नीट वाचला होता आणि चौकोन रिकामा सोडला होता. निघताना तो ‘चला अण्णा, बाय’ म्हणायचा आणि ‘बाय’ यंत्राच्या यादीत होतं. त्याचं खातं शहाण्यासारखं उघडायचं आणि शहाण्यासारखं मिटायचं.

अण्णांना सांभाळणाऱ्या अक्काताईनं पहिल्यांदा कुरकुर केली ती चौथ्या महिन्यात. म्हणाली, अण्णा दिवसभर तुमच्याशी बोलत्यात. त्रिशलाला आधी बरंच वाटलं. खोटं कशाला बोला, तिला अभिमानच वाटला. मग अक्काताईनं पुढचं सांगितलं. अण्णा जैन, दिवस मावळायच्या आत जेवायचं हा त्यांचा जन्माचा नेम. सगळं विसरले, नेम विसरले नव्हते. साडेपाचला अक्काताई ताट वाढायची. अण्णा ताटावर बसायचे आणि आत स्वयंपाकघराकडं बघून म्हणायचे, ‘त्रिशू आत हाय, तिला येऊ दे की.’ अक्काताई सांगायची, ताई मघाशीच गेल्या. अण्णा तिच्याकडं कीव केल्यासारखं बघायचे. लेक घरात आहे हे त्यांना ठाऊक होतं. नुसतं वाटत नव्हतं, ठाऊक होतं. तिच्याआधी कसं जेवायचं? वाट बघता बघता ऊन भिंतीवरून उतरायचं. दिवस मावळला की अण्णा दोन्ही हात जोडायचे आणि ताटावरून उठायचे.

त्रिशलानं काय नाही केलं! फोनवरून दटावलं, पडद्यावर समोर बसून जेवून दाखवलं. महिनाभराची रजा टाकून तिथंच राहिली. ती होती तेवढे दिवस अण्णा जेवले, पण त्यातही अधूनमधून तिच्या खांद्यावरून आत बघायचे आणि ‘त्रिशू, ये की गं’ म्हणायचे. ती समोर बसून भाकरी मोडत असायची. रजा संपली आणि पुन्हा ते सुरू झालं. सात महिन्यांत अण्णांचं अकरा किलो वजन गेलं. सदऱ्याच्या गळ्यातून त्यांची मान एखाद्या पोरासारखी दिसायला लागली.

मग एका सकाळी त्यांना फिट आली. अक्काताईनं शेजाऱ्यांना हाका मारल्या आणि त्यांना मिरजेला नेलं.

डॉक्टर नायकवडींनी यंत्रातली नोंद काढून त्रिशलासमोर ठेवली. ती येऊन गेली त्या दर दिवसाला चार वाजताची एक ओळ होती. ‘येतो: सभासद आला.’ दुसऱ्या दिवशी पुन्हा, ‘येतो: सभासद आला.’ शेवटची ओळ दोनशे चौदावी. यंत्राच्या लेखी त्रिशला दोनशे चौदा वेळा आली होती आणि एकदाही गेली नव्हती. तिनं निरोप घेताना म्हटलेला प्रत्येक ‘येतो’ तिचं खातं पुन्हा ताजं करत होता. आत त्याच मूठभर पेशी रात्रंदिवस, न थांबता, ‘लेक आली, लेक आली’ म्हणून हलवल्या जात होत्या. माणूस असता तर वेडा झाला असता. पेशीच त्या, त्या जळायला लागल्या.

डॉक्टर लपवाछपवी करणाऱ्या नव्हत्या. आणखी एक फिट आली तर ती पसरेल, म्हणाल्या. मग सन्मती जाईल, अक्काताई जाईल, घास गिळायचा कसा तेही जाईल. यंत्रच काढलं तर सगळेच एकदम जातील. तिसरा रस्ता म्हणजे फक्त त्रिशलाचं खातं बंद करायचं. त्या पेशींना विसावा मिळेल, अण्णा जेवतील, वर्ष-दोन वर्षं बरी जातील.

‘आणि नंतर पुन्हा उघडायचं?’ त्रिशलानं विचारलं.

‘ते होणार नाही. उघडायला पुन्हा एकदा खरी ओळख पटायला हवी. ती पटवणारी जागाच आता उरलेली नाही. चालू आहे तोवर आहे.’

मग तुम्हीच बंद करून टाका, असं त्रिशला म्हणाली. आपल्या हातानं नको, तुमच्या यंत्रावरून करा. डॉक्टरांनी मान हलवली. पूर्वी तसं करता यायचं. पण ‘खूण’ बाजारात आल्यावर दोन वर्षांत घराघरांत काय चाललं ते तुम्ही-आम्ही बघितलंच. जमिनीच्या वाटणीआधी भावानं बहिणीचं खातं बापाच्या डोक्यातून उडवायचं, सुनेनं नणंदेचं. म्हातारं सहीच्या दिवशी पोटच्या पोरीला म्हणायचं, ह्या बाई कोण? शेवटी कायदा आला. आता सभासदाचं खातं सभासदानंच, स्वतःच्या आवाजात, रोग्यासमोर बसून बंद करायचं. कायदा चांगलाच होता, त्रिशलासारखं कुणी तो करणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर नव्हतं एवढंच.

सन्मतीशी ती फोनवर बोलली. तो रडला, खरंच रडला. मग म्हणाला, ताई, निदान मी तरी त्यांना राहीन. त्याच्या मनात वाईट काही नव्हतं. पण ते वाक्य तिला असं लागलं की तिनं फोन उलटा करून ठेवला. रोज धापा टाकत येणारी ती, आणि राहणार कोण, तर ‘बाय’ म्हणणारा!

अण्णांना घरी आणल्यावर चार दिवस ती टाळत राहिली; यायची आणि निरोप न घेताच मागच्या मागं निघून जायची. चारही दिवस ताट वाढलं गेलं आणि उचललं गेलं. पाचव्या दिवशी अण्णा भिंत धरून चालताना तिनं पाहिलं आणि तिची तिलाच लाज वाटली. आपल्याला ओळखावं म्हणून बापाला उपाशी मारायचं? ही कसली माया!

दुपारचे साडेचार झाले होते. अण्णा खिडकीजवळच्या खुर्चीत बसले होते. तिनं त्यांचे केस विंचरले, चष्मा पुसून दिला, मधमाश्यांची हकिकत मागून घेतली. त्यांनी ती सगळी सांगितली, शेवटी कारकून टेबलाखाली लपला तिथपर्यंत. दोघं हसले. मग ती त्यांच्यासमोर स्टूल ओढून बसली आणि त्यांचे दोन्ही हात हातात घेतले.

‘अण्णा, मी जातो.’

मनगटावरचा पट्टा दोनदा थरथरला. डॉक्टरांनी सांगून ठेवलं होतं, वेबसाइटवर खातं काढून टाकताना विचारतात तसं हेही विचारणार. खात्री असेल तर मिनिटाभरात वाक्य पुन्हा म्हणायचं. मध्ये दुसरं काही म्हटलं तर बंद होत नाही.

अण्णांच्या कपाळाला आठी पडली.

‘जातो म्हणू नये, एक्क्याण्णव,’ ते म्हणाले. ‘येतो म्हणावं.’

तिनं ओठ आवळून धरले.

‘म्हण बघू. येतो म्हण.’

ते वाट बघत राहिले. लहान पोराकडून पाढा म्हणून घेताना बघावं तसं, मान जरा पुढं करून. तिच्या जिभेवर तो शब्द येऊन बसला होता. म्हटलं असतं तर अण्णा ‘ये’ म्हणाले असते, आणि आत पुन्हा ती आली असती, दोनशे पंधराव्यांदा. भिंतीवरचं ऊन कॅलेंडरच्या खाली उतरलं होतं. स्वयंपाकघरात अक्काताई भाकरी थापत होती, तिचा आवाज येत होता.

‘मी जातो, अण्णा,’ त्रिशला म्हणाली.

पट्ट्यावरचा हिरवा ठिपका विझला. आवाज नाही, काही नाही. अण्णांचे हात तिच्या हातातच होते. थोड्या वेळानं त्यांनी ते हळूच, समोरच्याला वाईट वाटू नये अशा बेतानं सोडवून घेतले आणि मांडीवर ठेवले. मग त्यांनी स्वयंपाकघराकडं बघितलं. तिकडं कुणी नव्हतं, फक्त अक्काताई.

‘भूक लागली बघ,’ ते तिला म्हणाले.

अक्काताईनं ताट आणलं. शाळूची भाकरी, दोडक्याची भाजी, वाटीत आमटी. अण्णांनी आत बघितलं नाही, कुणासाठी थांबले नाहीत. त्यांनी भाकरी मोडली आणि जेवायला लागले. एक भाकरी संपली, दुसरी घेतली. सात महिन्यांत असं जेवले नव्हते. मध्येच त्यांचं लक्ष समोरच्या स्टुलाकडं गेलं, तशी त्यांनी अक्काताईला खूण केली, पाहुण्यांना वाढ की. अक्काताईनं पदर तोंडाला लावला. त्रिशला म्हणाली, नको, माझं झालंय.

ती त्यांचं जेवण संपेपर्यंत बसली. बाहेर ऊन अजून होतं. दिवस मावळायला चांगला अर्धा तास अवकाश होता आणि ताट चाटूनपुसून स्वच्छ झालं होतं. हेच तर हवं होतं तिला. पट्टा काढून तिनं पर्समध्ये टाकला, चपला घातल्या आणि उंबऱ्यात वळून, इतक्या वर्षांच्या सवयीनं, तिच्या तोंडून निघून गेलं, ‘येतो.’

अण्णा हात धुण्यासाठी उठतच होते. ते अर्धवट उठलेले तसेच थांबले आणि अदबीनं मान लववली.

‘या,’ ते म्हणाले. ‘सकाळी साडेआठला उघडतं.’